पाण्याखालचे छायाचित्र : प्रकाश, जवळीक आणि किंमत

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाची सहल वैरागहून मालवणला गेली होती. वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर ज्यांचे सारे अर्थकारण अवलंबून, अशा बार्शी तालुक्यातल्या मुलामुलींनी समुद्र प्रथमच पाहिला. त्यांतील बहुतेकांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात नळीचा मुखवटा लावून पाण्यात तोंडही बुडविले, आणि तेथल्या व्यावसायिकाने प्रत्येकाला पाण्याखालचे एकेक छायाचित्र काढून दिले. परत आल्यावर या छायाचित्रांचे प्रदर्शन फलकावर मांडावे व उत्तम छायाचित्राला लहानसे पारितोषिक द्यावे असे ठरले. निवड समितीत प्रस्तुत लेखकही होता.

चाळीसएक छायाचित्रे टेबलावर मांडली, तेव्हा आम्ही तिघे परीक्षक काही वेळ एकमेकांकडे पाहत राहिलो. नावे पुसून टाकली असती तर कोणते कोणाचे हे सांगता आले नसते. प्रत्येकात तोच मुखवटा, तीच उंचावलेली दोन बोटे, भोवती काळ्या पट्ट्यांच्या लहान माशांचा तोच गराडा, आणि नीट निरखून पाहिले तर दुसऱ्या हाताच्या चिमटीत पावाचा तोच तुकडा. पारितोषिक द्यायचे म्हणून एकाला दिले. ज्याच्यावर ऊन बरे पडले होते, त्याला.

त्या गठ्ठ्यात एक छायाचित्र मात्र निराळे होते. काळपट हिरवे, वरच्या बाजूस उजेडाचे एक वाटोळे, आणि कडेला दगडाच्या फटीतून काहीतरी अस्पष्ट वाहत असल्याचा भास. आम्ही ते बाजूस ठेवले. संध्याकाळी ते परत न्यायला एक विद्यार्थी आला. "सर, हे मालवणचं नाही. आमच्या विहिरीतलं आहे. मी सहलीला नव्हतो," तो म्हणाला. सहलीची वर्गणी त्याला भरता आली नव्हती, हे मला त्यानंतर कळले.

ते छायाचित्र मी पुन्हा मागून घेतले व रात्री शांतपणे पाहिले. ते बाजूला ठेवण्यात आमची चूक झाली होती, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. परंतु चूक नेमकी कोणती, हे समजून घ्यायला पुढचे काही महिने गेले. पाण्याखालचे छायाचित्र मनात ठसते ते कशामुळे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी लोकांचा आहे. वस्तुतः त्यात पदार्थविज्ञान आहे, कष्ट आहेत, आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकाने दखल घ्यावी असा किमतीचा प्रश्नही आहे.

पाणी रंग चोरते

प्रथम पदार्थविज्ञान. हवेत काढलेले छायाचित्र आणि पाण्यात काढलेले छायाचित्र यांत मुख्य फरक असा की, पाणी हे प्रकाशाला फुकट वाट देत नाही. सूर्यप्रकाशातील सात रंगांपैकी तांबडा रंग ते सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटर खोलीवर तांबडा जवळजवळ नाहीसा होतो, मागोमाग नारिंगी व पिवळा जातो, आणि अखेर निळा तेवढा उरतो. म्हणूनच खोल पाण्यात बोट कापले तर रक्त तांबडे न दिसता हिरवट काळे दिसते. हा तोटा केवळ खोलीचा नव्हे, अंतराचाही असतो. वस्तूवरून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोचताना जेवढे पाणी ओलांडतो, तेवढ्या पाण्याची वसुली त्यातून होतेच.

दुसरी गोष्ट वक्रीभवनाची. बादलीतले नाणे वर उचलल्यासारखे दिसते, विहिरीतली बुडालेली पायरी आहे त्यापेक्षा जवळ वाटते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. पाण्यात सपाट काचेआडून पाहणाऱ्याला प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठी भासते. त्यामुळे नवशिक्याला वाटते की मासा हाताशी आहे, आणि छायाचित्रात तो दूर कोठेतरी निळ्या धुक्यात राहतो. सपाट काचेमुळे भिंगाचा आवाकाही आक्रसतो. घुमटाकार काच बसविली की तो बऱ्याच अंशी परत मिळतो.

तिसरी गोष्ट गाळाची. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर कॅमेऱ्यालगतचा झोत पडला, तर ते कण पावसाळी रात्री मोटारीच्या दिव्यापुढच्या थेंबांप्रमाणे चमकतात व सारे चित्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते. यावर जाणकारांचा उपाय असा की, दिवा कॅमेऱ्याला चिकटून न ठेवता लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना धरावा, म्हणजे प्रकाश वस्तूवर तिरपा पडतो आणि मधले कण अंधारात राहतात.

या तिन्ही अडचणींतून एकच नियम निघतो व तो पाण्याखालच्या छायाचित्रकारांचा पहिला पाठ आहे : जवळ जा, आणि जवळ गेल्यावर आणखी जवळ जा. पाणी जितके कमी ओलांडावे लागेल, तितका रंग खरा, रेघ स्पष्ट आणि गाळ कमी. दूरचे दृश्य ओढून जवळ आणणारे भिंग जंगलात कामी येते. पाण्यात त्याचा उपयोग नाही, कारण ते मधले पाणीही ओढून आणते. येथे विस्तृत आवाक्याचे भिंग घेऊन हातभर अंतरावर जावे लागते. म्हणजे ही कला मुळातच दुरून करता येण्याजोगी नाही. ज्याचे छायाचित्र घ्यायचे, त्याने तुम्हाला जवळ येऊ दिले पाहिजे. जवळीक मिळवावी लागते. ती विकत घेण्याचा मोह कसा होतो, ते पुढे येईलच.

आणखी एक युक्ती सांगितली पाहिजे, कारण तिचा त्या विहिरीशी संबंध आहे. पाण्यात खाली जाऊन वर पाहिले असता क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका शंकूत, म्हणजे एका उजळ वर्तुळात सामावलेले दिसते. त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो व खालचाच अंधार परतवितो. वरून खाली पाहून काढलेले मासे तळाच्या रंगात मिसळून जातात. खालून वर पाहून काढलेला तोच मासा उजेडावर रेखल्यासारखा उठून दिसतो. विहिरीतल्या त्या छायाचित्रातील उजेडाचे वाटोळे म्हणजे हेच वर्तुळ होते. मुलाला हे सूत्र ठाऊक नव्हते. परंतु आमच्याकडची मुले पाठीला डबा नाही तर कमरेला भोपळा बांधून विहिरीतच पोहायला शिकतात, सूर आणि मुटके मारतात, आणि पैज लावून तळाची माती मुठीत घेऊन वर येतात. तळातून वर आकाश कसे दिसते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले होते. कॅमेरा नंतर आला. पाहणे आधीचे होते.

धीराचा इतिहास

या कलेचा इतिहास धीराचा आहे. १८५६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ येथे विल्यम थॉम्पसन याने पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने समुद्रात सोडला व एक अंधूक काचपट मिळविला. पाण्याखालचे ते पहिले छायाचित्र मानले जाते. तो स्वतः होडीतच होता. पाण्यात उतरून छायाचित्रे घेण्याचे श्रेय लुई बूताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाला दिले जाते. १८९३ मध्ये भूमध्य समुद्रकाठच्या बान्यूल्स येथील प्रयोगशाळेत त्याने हे काम आरंभिले, तेव्हा एकेका छायाचित्राला अर्धा अर्धा तास लागे. जड पोशाख घालून तळाशी तितका वेळ स्थिर राहायचे, आणि गाळ बसण्याची वाट पाहायची. पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र १९२६ मध्ये फ्लॉरिडाजवळच्या समुद्रात विल्यम लाँगली व चार्ल्स मार्टिन यांनी घेतले. त्यासाठी त्यांनी पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटविली होती. ते धोक्याचे काम होते. पुढे १९४३ मध्ये कूस्तो व गान्याँ यांनी श्वसनाचे सुटसुटीत उपकरण सिद्ध केले, १९६३ मध्ये निकॉन कंपनीने निकोनॉस हा पाण्यात वापरण्याचा कॅमेरा बाजारात आणला, आणि ही विद्या हौशी माणसाच्या आवाक्यात आली.

आता तर खिशातल्या दूरध्वनीला प्लास्टिकची पिशवी घातली की झाले, असे वाटते. साधन स्वस्त झाले यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी जाणतो की एका घटकाची किंमत उतरली म्हणजे उरलेल्या दुर्मिळ घटकाचे मोल वाढते. येथे दुर्मिळ घटक धीर हा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे दिले जाणारे वन्यजीव छायाचित्रकाराचे पारितोषिक २०२१ मध्ये लोरां बालेस्ता या फ्रेंच छायाचित्रकाराला मिळाले. प्रशांत महासागरातील फाकारावा येथे वर्षातून एकदाच पौर्णिमेच्या सुमारास एका जातीचे मासे अंडी घालण्यास जमतात. तो क्षण टिपण्यासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे बुड्या मारल्या.

आणि ज्यांना वाटते की अशा गोष्टींसाठी समुद्र पाहिजे, प्रवाळ पाहिजे, परदेश पाहिजे, त्यांनी २०२४ चे तेच पारितोषिक कशाला मिळाले ते ध्यानात घ्यावे. ते बेडकाच्या पिलांना मिळाले. कॅनडातील व्हँकूव्हर बेटावरच्या एका तळ्यात, कमळाच्या पानांखालून पोहत जाणाऱ्या भेकाच्या असंख्य पिलांचे हे छायाचित्र शेन ग्रॉस याने घेतले. तळाचा गाळ ढवळला जाऊ नये म्हणून तो कित्येक तास त्या देठांमधून हलक्या हाताने पोहत राहिला होता. आपल्याकडे पहिला पाऊस झाला की प्रत्येक डबक्यात, ओढ्यात व पाझर तलावात हेच दृश्य असते. आपण ते ओलांडून जातो.

पावाच्या तुकड्याचा हिशेब

आता पुन्हा मालवणच्या त्या चाळीस छायाचित्रांकडे वळू. त्यांत काय कमी होते? प्रकाश होता, रंग होता, मासे तर चेहऱ्याला चिकटलेले होते. म्हणजे जवळीकही होती. परंतु ती मिळविलेली नव्हती. पाव देऊन घेतलेली होती. ज्या धीराने मासा आपण होऊन जवळ येतो, त्या धीराच्या जागी पावाचा तुकडा आला. म्हणूनच चाळीस छायाचित्रे एकसारखी झाली. पावाकडे झेपावणारा मासा सर्वत्र सारखाच दिसतो. त्याचे स्वतःचे काम, त्याचे घर, त्याचे भांडण, त्याची भीती यांपैकी काहीही त्यात दिसत नाही. चित्रात मासा आहे, पण त्याचे जगणे नाही.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर वर्तमानपत्राची जागा त्यासाठी अडविण्याचे कारण नव्हते. मालवणचा हा समुद्र १३ एप्रिल १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्याचा गाभा अवघ्या ३.१८ चौरस किलोमीटरचा. शिवाजीमहाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, त्याच्या भोवतालचे पाणी आणि पद्मगड या गाभ्यात येतात. येथील प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा तुकडा मोडणे आणि वाघाला इजा करणे हे एकाच यादीतले अपराध होत. तथापि वाघाच्या पाठीवर उभे राहून छायाचित्र काढून घेण्याचा विचार कोणी करीत नाही. प्रवाळावर पाय रोवून मात्र ते सहज काढले जाते, कारण पाहणाऱ्याला तो दगड वाटतो. प्रवाळ हा जीव आहे. तो फार सावकाश वाढतो आणि एका टाचेने मोडतो.

माशांना पाव घालण्याचेही तसेच आहे. प्रवाळांच्या परिसरात शेवाळ खाणारे मासे खडक साफ ठेवतात; शेवाळ माजले की प्रवाळाला जागा उरत नाही. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागली की माशांची वर्तणूक बदलते, धीट व आडदांड जाती पुढे सरसावतात आणि बाकीच्या मागे हटतात. त्यात समुद्राचे तापमान वाढत आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळांचे चौथे मोठे विरंजन जाहीर केले. जो रोगी आधीच तापाने फणफणला आहे, त्याच्या छातीवर उभे राहण्याचा हा प्रकार आहे.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. छायाचित्राची जी किंमत पर्यटक मोजतो, तीत होडी, मुखवटा, मार्गदर्शक आणि नफा धरलेला असतो. मोडलेला प्रवाळ धरलेला नसतो. ते बिल कोणाच्याच नावावर निघत नाही, म्हणून ते सर्वांच्या नावावर चढते. सगळ्यांत आधी ते चढते स्थानिक मच्छीमारांच्या नावावर. १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आपली वहिवाट जाईल या भीतीने त्यांनी विरोध केला होता. ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. रापणीचे उत्पन्न यांत्रिक जाळ्यांच्या स्पर्धेत घटले, तसे किनाऱ्यावरचे अनेक तरुण पर्यटनाच्या धंद्यात आले. त्यांना दोष देऊन हात झटकणे हे सोलापुरात बसून सोपे आहे. पण गिऱ्हाईकच जर पाव घातल्याशिवाय पैसे देत नसेल, तर पाव न घालणारा होडीवाला स्पर्धेत मागे पडणार, हा बाजाराचा साधा न्याय आहे. पाण्यात पाव टाकणारा हात त्याचा असला, तरी मागणी आमच्या मुलांची होती. ती मागणी करू नये हे त्यांना शिकविण्याची जबाबदारी आमची होती, आणि आम्ही ती पार पाडली नव्हती.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गावोगावचे पाट, कुरणे आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवून दिले की वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि मोडणाऱ्याला दंड करतात, तेथे अशी मालमत्ता टिकते. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मालवणात हे अशक्य नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीच्या शिक्षणाची संस्था उभारलेली आहे. शिकलेले स्थानिक तरुण आहेत. नांगर प्रवाळावर न टाकता कायम रोवलेल्या तरंगत्या खुणेला होडी बांधणे, पाव न घालणे, उथळ खडकावर उभे न राहणे, आणि एका वेळी पाण्यात माणसे मोजकीच सोडणे, एवढे चार नियम होडीवाल्यांच्या संघटनेने स्वतः केले तर ते शासनाच्या परिपत्रकापेक्षा अधिक पाळले जातील. माणसे मोजकी ठेवण्याचे कारण केवळ प्रवाळांचे नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पाणबुडी करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. छायाचित्रासाठी मोजलेली ती किंमत कोणत्याही हिशेबात बसत नाही.

छायाचित्र ही साक्ष असते

येथे कोणी विचारील की, मग छायाचित्रे काढूच नयेत काय? माझे म्हणणे उलट आहे. पाण्याखाली जे घडते ते जमिनीवरच्या माणसाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची दाद लागत नाही. इंडोनेशियाजवळ जस्टिन हॉफमन याने घेतलेले एका समुद्री घोड्याचे छायाचित्र २०१७ मध्ये जगभर गेले. तो इवलासा प्राणी प्रवाहात आधारासाठी गवताची काडी शेपटीने धरतो. या छायाचित्रात त्याने धरली होती कान कोरण्याची प्लास्टिकची काडी. सागरी कचऱ्यावरच्या कित्येक अहवालांनी जे साधले नाही, ते त्या एका चित्राने साधले. आपल्या मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने काही तरुण ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांमधील डबक्यांत वाकून छायाचित्रे घेऊ लागले. मुंबईच्या त्या घाणेरड्या मानलेल्या पाण्यात प्रवाळ आहेत, समुद्री गोगलगायी आहेत, अष्टपाद आहेत, हे मुंबईकरांना त्यांतून प्रथम दिसले. पुढे किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलविण्यात आले. हलविणे कितपत योग्य, याविषयी मतभेद असतील. पण जे नाहीच असे मानले जात होते, त्याची निदान मोजदाद झाली.

या तिन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. चित्रात छायाचित्रकार स्वतः नाही. तो ज्याच्याकडे पाहतो आहे, तो जीव आपल्या उद्योगात आहे आणि पाहणाऱ्याला त्याच्याविषयी काहीतरी नवे कळते. मला वाटते, पाण्याखालच्या ठसठशीत छायाचित्राची हीच खरी कसोटी होय. प्रकाश, रंग, रचना ही त्याची भाषा झाली. तिच्यात काही सांगितलेलेही असावे लागते.

त्या विहिरीच्या छायाचित्रात काय सांगितले होते, हे मला उशिरा कळले. दगडाच्या फटीतून काहीतरी वाहत असल्याचा जो भास होता, तो भास नव्हता. हिरव्या पाण्यात एक स्वच्छ, काचेसारखा पट्टा शिरताना दिसत होता, आणि त्याच्या तोंडाशी मातीचे कण उडालेले होते. तो झरा होता. मुलाने सांगितले की, घरात कूपनलिका आल्यापासून विहीर वापरात नाही. तिच्यात जुने टायर, पिशव्या, निर्माल्य पडते. वाटणी झाल्यावर मोठ्या चुलत्यांच्या मते विहीर मेलेली आहे, ती बुजवून रस्त्याकडेची जागा मोकळी करावी. वडिलांच्या मते ती जिवंत आहे. हे सिद्ध करायला त्यांच्याजवळ काही नव्हते. म्हणून मुलगा मित्राचा दूरध्वनी पिशवीत घालून, थोरला भाऊ काठावर उभा असताना, दुपारी ऊन थेट आत उतरते त्या वेळी बुडी मारून आला. पहिल्या दिवशी गाळ ढवळला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. मग त्याने तळाला पाय न लावता, भिंतीला धरून, पाणी निवळेपर्यंत श्वास पुरेल तितकेच थांबायचे असे ठरविले. पाचव्या दिवशी झरा दिसला.

जवळ जाणे, गाळ न ढवळणे, खालून वर पाहणे, धीर धरणे : पाण्याखालच्या छायाचित्रणाचे सारे नियम त्याने कोणी न शिकविता पाळले होते. आणि आम्ही तिघा पदवीधरांनी ते चित्र निस्तेज म्हणून बाजूस सारले होते. आमच्या डोळ्यांना निळ्या पाण्याची सवय झाली होती. घरची विहीर आम्ही वाकून पाहिलेली नव्हती.

येथे एक सूचना करावीशी वाटते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षातून नेमाने मोजते. तो आकडा आवश्यकच आहे. परंतु विहिरीत काय पडले आहे, कोणता झरा चालू आहे, कोणता बुजला आहे, हे आकड्यात येत नाही. तालुक्यातील महाविद्यालयांनी आपापल्या गावांतील विहिरी, बारवा आणि पाझर तलाव यांची पाण्याखालची छायाचित्रे पावसाळ्यानंतर एकदा व मे महिन्यात एकदा घेऊन जतन केली, तर दहा वर्षांत या कोरडवाहू मुलखाची एक अमोल दप्तरनोंद तयार होईल. यासाठी मुलांना पाण्यात उतरविण्याचीही गरज नाही. थॉम्पसनने दीडशे वर्षांहून आधी केले तसे, काठीला अथवा दोरीला कॅमेरा बांधून काठावरूनच तो सोडता येईल. एकट्याने विहिरीत उतरणे किती जिवावरचे असते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. उजनीच्या जलाशयाचे तेच. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात गेलेले पळसदेवचे मंदिर पाणी ओसरले की वर येते, आणि त्याची छायाचित्रे दरवेळी हौसेने छापली जातात. पाणी असताना त्या हिरव्या पाण्याखाली काय चालले आहे, हे कोणी दाखविले तर ते अधिक उपयोगाचे होईल. आपण ते पाणी पितो.

पुढल्या वर्षी सहल पुन्हा मालवणला न्यायची असे आम्ही ठरविले आहे. वर्गणी ज्यांना भरता येत नाही त्यांची तजवीज आधी करायची, आणि होडीवाल्याशी ठरविताना पहिली अट पाव न घालण्याची ठेवायची, असाही ठराव झाला आहे. मासे कदाचित चेहऱ्याजवळ येणार नाहीत. छायाचित्रे थोडी निघतील. पारितोषिकाच्या अर्जावर 'हे छायाचित्र कसे मिळविले' असा एक रकाना आम्ही वाढविला आहे, व तो भरल्यावाचून छायाचित्र विचारात घेतले जाणार नाही.

ती विहीर अजून बुजविलेली नाही. चुलत्यांनी छायाचित्र पाहिले आणि दिवाळीनंतर बघू, असे ते म्हणाले आहेत.